नव्या शिक्षकासाठी चुल्लपंथकाची गोष्ट

आपल्या संस्थेच्या सायंकाळच्या अभ्यासवर्गात शिकविण्यासाठी दरवर्षी काही नवे तरुण-तरुणी पुढे येतात. कोणी नुकतेच बी.ए., बी.एस्सी. झालेले असतात, कोणी बी.एड. करीत असतात. उत्साह दांडगा असतो. पण दोन-तीन महिन्यांत भरलेला वर्ग निम्म्यावर येतो आणि नवा शिक्षक म्हणतो, "या मुलांना शिकायचेच नाही." हे वाक्य एके काळी मीही म्हटले आहे. म्हणून धम्मपदाच्या अट्ठकथेतील एक कथा त्यांच्यापुढे ठेवावीशी वाटते.

राजगृहात महापंथक व चुल्लपंथक असे दोन भाऊ होते. थोरला आधी भिक्खू झाला, मोठा ज्ञानी झाला आणि मग धाकट्यालाही त्याने संघात आणले. त्याला पाठ करण्यासाठी एक गाथा दिली. चार महिने झाले, तरी चुल्लपंथकाला ती येईना. नवा चरण पाठ करावा तर आधीचा विसरे. शेवटी महापंथक म्हणाला, तुझ्याने हे होणार नाही, तू विहार सोडून जा. याच सुमारास वैद्य जीवकाने भगवान बुद्धांना संघासह भोजनाचे निमंत्रण दिले होते. भिक्खूंची मोजदाद महापंथकाकडे होती. त्याने भावाला त्यातूनही वगळले.

पहाटे चुल्लपंथक चीवर सोडून घरी जावयास निघाला, तेव्हा भगवंत त्याला वाटेतच भेटले. त्याला कोणी हाकलले, का हाकलले, हे त्यांनी विचारून घेतले, त्याला आपल्या कुटीसमोर बसविले आणि त्याच्या हाती एक स्वच्छ फडके दिले. हे हाताने चोळत राहा आणि मळ जावो एवढेच म्हणत राहा, असे सांगितले. चोळता चोळता फडके मळले. आताच स्वच्छ असलेले वस्त्र माझ्या हाताने मळले, सर्व संस्कार असेच बदलणारे आहेत, हे त्याला उमगले. ज्याला चार महिन्यांत एक गाथा येत नव्हती, त्याला अनित्यता कळली.

कथेत पुढे चमत्कार आहेत आणि पूर्वजन्मीची कारणेही आहेत. ती आपण बाजूला ठेवू. माझ्या दृष्टीने खरा मुद्दा महापंथकाचा आहे. तो दुष्ट नव्हता. भावाचे भले व्हावे म्हणूनच त्याने त्याला संघात आणले होते. पण स्वतःला जे सहज आले ते दुसऱ्याला का येत नाही, हे त्याला समजेना, आणि न समजल्याचा दोष त्याने शिष्यावर टाकला. आपल्या समाजातील शिकलेल्या माणसाची हीच अडचण आहे. आम्ही कंदिलाखाली शिकलो, मग तुला दिवा, पंखा असून का येत नाही, असे आपण म्हणतो. आपल्याबरोबरची किती मुले मध्येच गळली, हे मात्र आपण विसरतो.

माझाच अनुभव सांगतो. वर्गात सातवीचा एक मुलगा होता. धडा मोठ्याने वाचताना तो 'पाणी'ऐवजी 'पानी' म्हणे, 'होतं'ऐवजी 'व्हतं' म्हणे. मी प्रत्येक शब्दाला त्याला थांबवीत असे. शुद्ध बोलला नाही तर पुढे मुलाखतीत मागे पडेल, ही माझी तळमळ. इतर मुले हसत. आधी त्याने वाचणे सोडले, मग वर्ग सोडला. महिन्याभराने मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या आजीने तांब्या पुढे केला नि म्हणाली, "घ्या सायेब, पानी घ्या." माझी आईही जन्मभर हाच शब्द बोलत आली. बँकेच्या काउंटरवर बसून मी तो विसरलो होतो, एवढेच.

सिगालोवाद सुत्तात आचार्याची शिष्याविषयीची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. त्याला चांगले वळण लावावे, शिकविलेले त्याच्या नीट ध्यानात येते ना ते पाहावे, हातचे न राखता विद्या द्यावी, मित्र-परिचितांत त्याच्याविषयी चांगले बोलावे आणि सर्व दिशांना त्याचे रक्षण करावे. यांतील चौथे कर्तव्य आपण वाचतो आणि सोडून देतो. चार मुलांसमोर मी त्या मुलाचे हसे केले, ते याच्या नेमके उलट झाले.

आळवीच्या शेतकऱ्याची कथाही नव्या शिक्षकाने वाचावी. हरवलेला बैल शोधून तो दमून-भागून, उपाशी आला होता. भगवंतांनी त्याला आधी जेवू घालावयास सांगितले आणि मग उपदेश केला. आपल्या वर्गात सायंकाळी सात वाजता येणारे मूल दुपारनंतर काही खाऊन आले आहे काय, हे विचारल्याने तास वाया जात नाही.

आता शिक्षकाच्या स्वतःच्या वाढीविषयी. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, तेव्हा तेही नवे शिक्षकच होते. अस्पृश्य प्राध्यापक आपणास काय शिकविणार, अशी काही विद्यार्थ्यांची वृत्ती होती. प्राध्यापकांसाठी ठेवलेले पाणी त्यांनी घेण्यास काही सहकाऱ्यांचा आक्षेप होता. बाबासाहेबांनी विषयाची कसून तयारी केली. पुढे बाहेरच्या कॉलेजांतील विद्यार्थीही त्यांची व्याख्याने ऐकण्यास येऊन बसू लागले. कोलंबियाची एम.ए. हाती असतानाही त्यांनी शिक्षण पुरे झाले असे मानले नाही. मार्च १९२० मध्ये ती नोकरी सोडून ते अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठी लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. आपण निदान उद्याच्या पाठाचे टाचण तरी आदल्या रात्री काढावे. मी कित्येक वर्षे ते काढत नव्हतो. सातवीचे गणित, त्याला तयारी कसली, असे वाटे. पूर्णांक-अपूर्णांक समजावताना फळ्यासमोर दोनदा अडखळलो, तेव्हा वही केली. त्या वहीत आता पाठाबरोबर कोणत्या मुलाला काय आले नाही, तेही लिहितो. जुन्या शिक्षकांच्या तासाला मागे बसण्यातही कमीपणा नाही.

तो मुलगा काही परत वर्गात आला नाही. दहावीनंतर एका गॅरेजमध्ये लागला, भेटला की नमस्कार करतो. त्याची धाकटी बहीण मात्र दोन वर्षांपासून येते आहे. तीही 'पानी' म्हणते. मी तिला धडा शेवटपर्यंत वाचू देतो. शुद्धलेखन नंतर वहीत पाहतो.