जुन्या मोटारीतील दोष कसा शोधावा?

आपल्या सभासदांपैकी पुष्कळांच्या दारात आज एखादी जुनी लहान मोटार उभी असते, आणि त्यांत मारुती ८०० ही बरीच आढळते. ह्या जातीची पहिली गाडी १९८३ च्या डिसेंबरात ग्राहकाच्या हाती पडली व २०१४ च्या आरंभी कारखान्याने तिची निर्मिती बंद केली. म्हणजे तिच्यातील सर्वांत धाकट्या गाडीनेही आता दहा वर्षे ओलांडली आहेत. तीन सिलिंडरांचे, ७९६ घनसेंटिमीटरचे तिचे इंजिन साधे असून योग्य निगा राखल्यास ते दीर्घकाळ चालते. अशा गाडीवर जो खर्च होतो त्यातील मोठा भाग दोष कोठे आहे हे न पाहता सुटे भाग बदलण्यात जातो, असा आमचा अनुभव आहे.

आमची गाडी मोकळ्या रस्त्यावर उत्तम चाले; परंतु बाजार समितीच्या दारात वाहनांची रांग लागली की उष्णतेचा काटा चढू लागे व पाणी उकळे. दुरुस्तीसाठी दिली असता प्रथम रेडिएटर साफ झाला, नंतर पाण्याचा पंप नवा बसला, शेवटी ‘उष्ण मुलखात ह्याचे काम नाही’ असे सांगून थर्मोस्टॅटही काढून टाकण्यात आला. कांद्याच्या एका खेपेचे पैसे गेले आणि गाडी पूर्ववत रांगेत उकळत राहिली.

गुरांचा डॉक्टर गोठ्यात येताच ‘वैरण केव्हापासून सोडली?’ असे विचारतो. मोटारीसंबंधीही पहिला प्रश्न ‘केव्हा?’ हाच असावा. गाडी धावत असताना वारा आपोआप रेडिएटरमधून जातो. उभी असताना मात्र सारा भार विजेच्या पंख्यावर पडतो. म्हणून जी गाडी केवळ उभी असता तापते तिचा पंखा आधी पाहावा. जी चढावर अथवा वेगात तापते तिचा रेडिएटर चोंदला आहे काय, पाणी नीट खेळते काय, हे पाहावे. आमचा पंखा फिरत होता, एवढ्यावरून त्याच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. वस्तुतः तो मंद फिरत होता. त्याची अर्थिंगची तार ज्या बोल्टाखाली पत्र्याला जोडली होती तेथे गंज चढला होता. पॉलिशपेपरने जागा घासून बोल्ट आवळला व वरून थोडे व्हॅसलिन लावले, तेव्हा रोग गेला. थर्मोस्टॅट मात्र पुन्हा विकत घेऊन बसवावा लागला. कारण तो नसल्यास इंजिन योग्य उष्णतेस उशिरा पोहोचते, पेट्रोल अधिक जळते व झीजही वाढते. तो काढून टाकण्याची खोड आपल्याकडे फार आहे.

असा दोष हुडकण्यास काहीशे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. पंखा चालू असता त्याची एक सळई बॅटरीच्या ऋण खुंटीस व दुसरी पंख्याच्या अर्थिंगच्या तारेस लावावी. आकडा शून्याच्या जवळ असावा, ०.२ व्होल्टहून बराच अधिक असल्यास वाटेत कोठेतरी गंज अथवा सैल जोड आहे असे समजावे. किल्ली फिरविताच नुसता टकटक आवाज येऊन इंजिन सुरू होत नसेल तरी हीच युक्ती उपयोगी पडते. मात्र तेथे दुसरी सळई इंजिनाच्या स्वच्छ धातूस टेकवून सोबत्यास किल्ली फिरविण्यास सांगावे. अर्ध्या व्होल्टहून जास्त भरल्यास नवा स्टार्टर घेण्याआधी अर्थिंगची जाड तार काढून घासावी. बॅटरी पूर्ण भरलेली असल्यास, गाडी काही तास उभी राहिल्यावर, सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. इंजिन चालू असता हा आकडा १४ च्या आसपास जात नसेल तर दोष बॅटरीत नसून भरणाऱ्या यंत्रात किंवा त्याच्या पट्ट्यात असण्याचा संभव अधिक.

पाण्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने ठिबकच्या नळ्या कशा बुजतात हे आपणांस ठाऊक आहेच. रेडिएटरच्या नळ्या तशाच बुजतात. तेव्हा शुद्ध केलेले पाणी व कूलंट ह्यांचे मिश्रणच घालावे. त्याने गंजही आवरतो. झाकणातील रबराची चकती तडकली असल्यास ती जुजबी बाब समजू नये. झाकण दाब धरून ठेवते म्हणूनच आतील पाणी शंभर अंशांवर गेले तरी उकळत नाही. ह्याच कारणाने तापलेल्या गाडीचे झाकण कदापि उघडू नये. हातातोंडावर वाफ येऊन भाजते. पाचटाचा चुरा व किडे अडकलेल्या जाळीवर आतून बाहेर असे हलके पाणी सोडावे. फवारणीच्या पंपाचा जोर जवळून मारल्यास पातळ पाती वाकतात.

ह्या इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे आहे. काटा लाल खुणेस लागल्यावरही ‘घर आता दोन मैलांवर’ म्हणून गाडी पुढे रेटली तर हेड वाकते आणि शंभर रुपयांच्या दोषापायी अनेक हजारांचे काम निघते. पाणी खाली न ठिबकता कमी होत असेल, तेलाच्या झाकणाखाली दुधासारखा चिकटा दिसत असेल, किंवा चालू इंजिनात रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केट गेल्याचा संशय धरावा व गाडी हलवू नये.

काटकसर कोठे करावी ह्यासही मर्यादा आहे. दारे, काचा, दिवे हे भंगार बाजारातून घेण्यास हरकत नाही. ब्रेकचे भाग, रबरी नळ्या व पट्टे मात्र जुने घेऊ नयेत. ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषते. ते दोन वर्षांनी बदलावे. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते व पुढे तपासणीनंतर पाच-पाच वर्षांकरिता वाढते. त्या तपासणीआधी ब्रेक, दिवे व टायर पाहून घेतल्यास दुसरी फेरी वाचते.

पीक निघाल्यावर गाडी गोदामाजवळ उभी करणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून पाहावे. धान्याच्या वासाने आलेले उंदीर तारांचे वेष्टण कुरतडतात, आणि त्यातून उद्भवणारे दोष शोधताना आमच्या ओळखीच्या एका निष्णात मिस्त्रीचेही दोन दिवस मोडले आहेत.