नामदार गोखले

इ. स. १८९७ सालची गोष्ट. पुण्यात प्लेगने कहर मांडला होता. रोगी हुडकण्यासाठी सरकारने गोरे सोजीर घरोघर धाडले होते आणि त्यांच्या वर्तनाने लोक संतापले होते. गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळी विलायतेत होते. वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी ते गेले होते. तेथे त्यांना पुण्याच्या स्नेह्यांची पत्रे आली. सोजिरांनी स्त्रियांची विटंबना केल्याची हकीकत त्यांत होती. ती वाचून गोखल्यांचे मन पेटले व त्यांनी ती 'मँचेस्टर गार्डियन' या वृत्तपत्रातून जगापुढे मांडली. सरकारने पुरावा मागितला.

गोखले मायदेशी परतले. परंतु पुरावा द्यावयास कोणीही पुढे येईना. स्नेह्यांची नावे सांगावीत, तर ते संकटात सापडणार. न सांगावीत, तर आपण खोटे ठरणार. गोखल्यांनी नावे सांगितली नाहीत. सारा दोष आपल्या शिरावर घेऊन त्यांनी जाहीर माफी मागितली. लोकांनी त्यांची निर्भर्त्सना केली. ती त्यांनी मुकाट्याने सोसली.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला. वडील लवकर वारले. थोरले बंधू गोविंदराव यांना दरमहा १५ रुपये पगार होता. त्यांतील ८ रुपये ते गोपाळाच्या शिक्षणासाठी पाठवीत. बी. ए. झाल्यावर गोखले पुण्यात शिक्षक झाले. आगरकरांनी १८८८ मध्ये 'सुधारक' पत्र काढले, तेव्हा त्याची इंग्रजी बाजू गोखले लिहीत. सार्वजनिक सभेचे त्रैमासिकही ते पाहत. आकडा पारखून घ्यावा आणि मगच लेखणी उचलावी, हे वळण त्यांना गुरुवर्य न्यायमूर्ती रानडे यांनी लावले होते. ते एकदाच सुटले आणि त्याची किंमत त्यांना मोजावी लागली.

पुढे पत्रकार गोखले 'नामदार' झाले. १९०२ साली ते मध्यवर्ती कायदेमंडळात दाखल झाले. उरण, करंजा या भागांतील मिठागरांचे मीठ त्या काळी गरिबाच्याही पानात पडे. अशा मिठावर तेव्हा मणामागे अडीच रुपये कर होता! तो गरिबाला किती जाचतो, हे गोखल्यांनी सरकारचेच आकडे पुढे ठेवून दाखविले. १९०३ पासून हा कर उतरू लागला आणि १९०७ मध्ये तो एक रुपयावर आला.

१९११ मध्ये त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ६ ते १० वर्षांच्या मुलांना शाळेत घालणे काही ठिकाणी तरी बंधनकारक व्हावे, एवढीच त्यांची मागणी होती. पुढील वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी ते विधेयक फेटाळले गेले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले निवर्तले.

६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक बालकाला मोफत व सक्तीचे शिक्षण देणारा कायदा २०१० साली देशात अमलात आला. मुलांनो, आज तुम्ही ज्या बाकावर बसून हा धडा वाचीत आहात, त्या बाकासाठी एक माणूस शंभर वर्षांपूर्वी झटला होता आणि हरला होता, हे विसरू नका.

स्वाध्याय
१. गोखल्यांनी जाहीर माफी का मागितली?
२. त्यांच्या जागी तुम्ही असता, तर काय केले असते?