हिवतापाच्या लशीचें वर्तमान कसें सांगावें

उपदेशक बंधूंनो, नव्या शोधाचें वर्तमान मंडळीस सांगतांना तो काय करीत नाहीं हेंहि सांगावें. लूक वैद्यानें आधीं कसून शोध केला, मग थियफिलास लिहिलें.

हिवतापाच्या लशीचेंच पाहा. ऑक्सफर्ड विद्यापीठानें शोधलेली व पुण्याच्या सीरम संस्थेंत तयार होणारी ही लस द्यावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं केली. पुण्याचें नांव ऐकतांच कोणी विचारील, "मास्तर, मग आतां मच्छरदाणी कशाला?" धोका येथेंच आहे. ही लस मुख्यत्वें आफ्रिकेंतील बालकांस देतात. पांच महिन्यांपुढील मुलास ती चार वेळां टोंचावी लागते. हिवतापाच्या हंगामापूर्वी ती दिली असतां वर्षभरांत सुमारें ७५ टक्के आजार टळला, सर्व नव्हे. शिवाय ती फाल्सिपेरम जातीच्या जंतूंवरच चालते. आपल्या देशांत व्हायव्हॅक्स जातीचेहि जंतु आहेत, त्यांवर तिचा उपाय चालत नाहीं.

म्हणून दारचें डबकें बुजवावें, मुलांस मच्छरदाणींत निजवावें, थंडी वाजून ताप आल्यास त्याच दिवशीं रक्त तपासून घ्यावें, हें प्रथम सांगावें. लशीची वार्ता त्यानंतर.