आपलें मन आपणच तपासणें : त्याची मर्यादा

झोंप उडाली, अगर एकच विचार रात्रंदिवस छळूं लागला, म्हणजे पुष्कळ जण म्हणतात, "आपलें मन आपणांस ठाऊक, दुसऱ्यास काय सांगावयाचें?" हें कितपत खरें आहे, ह्याचा आज आपण विचार करूं.

व्हिएन्ना शहरांतील डॉ. सिग्मंड फ्रॉइड ह्यांचे वडील १८९६ सालीं वारले. पुढील वर्षीं डॉक्टरांनीं स्वतःचीं स्वप्नें व बालपणच्या आठवणी तपासण्याचें काम हातीं घेतलें. त्यांतून त्यांस पुष्कळ कळलें. तथापि त्याच वर्षींच्या नोव्हेंबरांत त्यांनीं आपले स्नेही डॉ. फ्लीस ह्यांस कळविलें कीं, स्वतःचें मन पुरतें उकलणें साधत नाहीं. साधतें, तर असे मनोविकारच झाले नसते. १९१० सालीं, उपचार करणारानें स्वतःचें मन स्वतः तपासावें, असें ते सांगत. १९१२ सालीं मात्र त्यानें तें दुसऱ्या जाणत्याकडून तपासून घ्यावें, ह्या मताकडे ते वळले.

ह्याचें कारण काय? उणीव बुद्धीची नव्हे. जें मन शोध करितें, तेंच लपवितेंही. चोर व फौजदार एकच असल्यास तपास कसा लागावा? वांटणीवरून भावाशीं अबोला धरलेला मनुष्य स्वतःस विचारतो, "माझें काय चुकलें?" आणि उत्तरही स्वतःच देतो, "कांहीं नाहीं." मानसोपचारक मात्र ऐकतो कीं, भावाचें नांव निघतांच ह्याचा स्वर बदलतो, आणि बापाची गोष्ट हा दर वेळीं टाळतो. शिवाय बापावरचा जुना राग किंवा भय मनुष्य नकळत उपचारकावरच काढतो. मग तें दोघांसमोर उघड होतें. एकट्यास ही सोय नाहीं.

म्हणून आत्मपरीक्षण व्यर्थ, असें आम्ही म्हणत नाहीं. डॉ. कॅरेन हॉर्नी ह्यांनीं १९४२ सालीं ह्याच विषयावर ग्रंथ लिहून, एकट्यानेंही कांहीं वाट चालतां येते, असें प्रतिपादन केलें. पण मनाचा आंतील विरोध ही मोठी अडचण होय, हें त्यांनींही मान्य केलें.

तेव्हां विचार त्याच जागीं फिरूं लागला, आठवड्यामागून आठवडे गेले तरी उतार पडेना, किंवा जीव नकोसा झाला, तर एकट्यानें झुंजत बसूं नये. आणि दुसऱ्यांची समजूत घालणाऱ्या बंधुभगिनींनो, अशा मनुष्यास "स्वतःच विचार कर" असें सांगून परत धाडूं नका. त्याच्याबरोबर सरकारी दवाखान्यांत जा. २०२२ सालीं सरकारनें सुरू केलेल्या टेलिमानस सेवेचा क्रमांक १४४१६ हा आहे. तेथें रात्रींही विनामूल्य बोलतां येतें.