गाडी एका बाजूला ओढते? अलाइनमेंट सगळ्यांत शेवटी

गाडी एका बाजूला ओढू लागली की बहुतेक लोक थेट अलाइनमेंटचं दुकान गाठतात. गाडी यंत्रावर चढते, पडद्यावरचे लाल आकडे हिरवे होतात, पैसे चुकते होतात. मालवणच्या आमच्या गाडीचंही हेच झालं. सगळे आकडे बरोबर असल्याचा कागद हातात आला आणि परतीच्या वाटेवर चौके गाव येण्याआधीच गाडी पुन्हा डावीकडे सरकू लागली.

शेवटी आमच्या भागातल्या एका जुन्या मेस्त्रींनी गाडी पाहिली. जॅक लावला नाही, पाना काढला नाही. म्हणाले, "अलाइनमेंट मगे. आधी वायच लांब फिरून येवा, ब्रेक कमी मारा आणि मगे चाकांजवळ हात न्हेवन बघा." फिरून आल्यावर तीन चाकं कोमट होती. पुढच्या डाव्या चाकाजवळ मात्र हात धरवेना. ब्रेक सुटतच नव्हता.

या किनाऱ्यावर हा दोष आश्चर्याचा नाही. साध्या गाड्यांच्या पुढच्या डिस्क ब्रेकमध्ये कॅलिपर दोन पिनांवर मागेपुढे सरकतो. ब्रेक दाबला की पॅड डिस्कला आवळतात, पाय उचलला की सैल होतात. पिनांवरचा रबराचा बूट फाटला की आत पाणी शिरतं, ग्रीस धुऊन जातं आणि गंज धरतो. देवबाग-तारकर्लीसारख्या ठिकाणी घराच्या एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी असते. तिथल्या खाऱ्या हवेत गंजाला पावसाचीही वाट पाहावी लागत नाही. पिन अडकली की पॅड डिस्कला घासत राहतात आणि गाडी त्या बाजूला जाते.

इथे एक चकवा आहे, तो नीट समजून घ्यायला हवा. अडकलेला कॅलिपर धड सुटत नाही तसा धड आवळतही नाही. त्यामुळे डावा कॅलिपर अडकलेली गाडी एरवी डावीकडे सरकते आणि जोरात ब्रेक मारला की उजवीकडे झेपावू शकते, कारण त्या क्षणी उजवा ब्रेक जास्त पकडतो. मालक सांगतो, "कधी इकडे, कधी तिकडे", आणि ऐकणाऱ्याला वाटतं की याला नीट सांगता येत नाही. खरं तर निदानाची किल्ली त्याच वाक्यात असते. ब्रेकचा रबरी होज पाइप जुना होऊन आतून फुगला, तरी असंच होतं. पायाच्या दाबाने तेल पुढे जातं, पण मागे परतत नाही.

म्हणून गॅरेजात जाण्याआधी मालकाने एकाच प्रश्नाचं उत्तर शोधावं: गाडी नेमकी कधी ओढते? सरळ चालताना कायम, ब्रेक मारल्यावर की एक्सलरेटर दाबल्यावर? ब्रेक मारतानाच ओढत असेल, तर आधी ब्रेक तपासायचे. एक्सलरेटर दाबला की एका बाजूला आणि सोडला की दुसऱ्या बाजूला जात असेल, तर चाकाला धरून ठेवणाऱ्या लोअर आर्मचे बुश सैल झाल्याची शंका घ्यावी. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या काही गाड्यांत जोरात वेग घेताना किंचित ओढ जाणवते ती रचनेमुळेच. तो बिघाड नव्हे.

कायम ओढणाऱ्या गाडीत आधी रस्त्याला वगळावं लागतं. पाणी वाहून जावं म्हणून डांबरी रस्त्याला कडेकडे उतार दिलेला असतो. तो साधारण २ टक्के, म्हणजे मीटरभर रुंदीला २ सेंटिमीटर धरतात आणि पावसाच्या मुलखात थोडा जास्त. आपण डाव्या बाजूने चालतो, तेव्हा धडधाकट गाडीही हळूहळू डावीकडे झुकते. वाडीतल्या एकेरी रस्त्यावर गाडी मधोमध चालते आणि ही ओढ जाणवत नाही. महामार्गाला लागल्यावर जाणवते आणि माणूस घाबरतो. उजवीकडची ओढ मात्र हलकी असली तरी मनावर घ्यावी, कारण ती उताराच्या विरुद्ध असते. चाचणी सपाट, मोकळ्या जागी घ्या. स्टिअरिंगवरचा हात पूर्ण सोडू नका, पकड फक्त सैल करा.

मग हवा. ज्या बाजूच्या पुढच्या टायरात हवा कमी, त्या बाजूला गाडी जाते. ती टायर थंड असतानाच मोजावी, कारण धावून तापलेल्या टायरात दाब वाढलेला दिसतो. योग्य आकडा चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर छापलेला असतो, तोच धरावा. हवा बरोबर असूनही ओढ राहिली, तर पुढची दोन चाकं आपसांत बदलून पाहा. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा. ही युक्ती जवळपास फुकटात होते आणि तरीही ती क्वचितच कोणी सुचवतं. बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असलेले टायर मात्र असे बदलू नयेत. टायरच्या कडेला फुगा दिसला तर चाचणीच्या भानगडीत पडू नका, तो टायर लगेच काढा.

आता अलाइनमेंट. त्यात तीन कोन मोजतात: टो (चाकांची तोंडं आत-बाहेर वळणं), कॅम्बर (चाकाचा माथा आत-बाहेर कलणं) आणि कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल). कित्येक लहान गाड्यांत यांपैकी पुढच्या चाकांचा टोच तेवढा बदलता येतो. टो चुकला की टायर झिजतो, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं राहतं, पण गाडी ओढण्याचं कारण सहसा टो नसतो. ओढ आणतात ते कॅम्बर आणि कॅस्टर. ज्या चाकाचा माथा बाहेर जास्त कललेला त्या बाजूला, किंवा ज्या बाजूचा कॅस्टर कमी त्या बाजूला गाडी जाते. हे कोन बिघडले तर कुठेतरी काही वाकलेलं किंवा झिजलेलं असतं. पावसाने साइडपट्टीची माती धुऊन गेली, डांबराच्या कडेवरून चाक खाली आदळलं, की लोअर आर्म वाकायला तेवढं पुरतं. वाकलेला भाग न बदलता केलेली अलाइनमेंट म्हणजे पैसे पाण्यात. काम करून घ्याल तेव्हा आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांचा कागद मागा आणि दोन्ही बाजूंचे कॅम्बर-कॅस्टर शेजारी ठेवून वाचा.

आमच्या गाडीच्या पिना साफ झाल्या, नवीन बूट आणि ब्रेकचं खास ग्रीस पडलं, घासून गेलेले पॅड बदलले. अलाइनमेंटला पुन्हा हात न लावता गाडी सरळ चालू लागली.

गणपतीला मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांना हे मुद्दाम सांगावंसं वाटतं. महामार्गावरून पावसात आलेली गाडी अंगणात दिवसच्या दिवस ओली उभी राहते, हँडब्रेक ओढलेला असतो आणि मागच्या ड्रममध्ये लायनर चिकटतात. जागा सपाट असेल तर हँडब्रेक सोडून गाडी गिअरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये, आणि चाकाला दगड लावा. मधून एकदा गाडी थोडी फिरवून आणा. परतीच्या दिवशी मालवणहून निघाल्यावर कसालच्या तिठ्यावर, महामार्गाला लागण्याआधी, पाच मिनिटं थांबा आणि चारही चाकांजवळ हात नेऊन पाहा, डिस्कला स्पर्श न करता. एकच चाक तापलेलं असेल, जळका वास येत असेल, तर पुढे जाऊ नका. कोल्हापूरकडून येणाऱ्यांनी फोंडा किंवा आंबोली घाट उतरण्याआधी हीच तपासणी वरच्या सपाटीवर करावी.