जुन्या रायफलीची रुजुवात

पुणे

चि. अनिरुद्ध यास,

तुझे सविस्तर पत्र पावले. एका जुन्या मालगुजार घराण्यातील बाईंनी आपल्या कैलासवासी यजमानांची .४१६ बोअरची रायफल दुकानात ठेवली असून, नळीवर लंडनच्या रिग्बी कंपनीचे नाव असल्यामुळे तिची किंमत काय धरावी, असा प्रश्न तू केला आहेस. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे पर्व संपले, पण त्या पर्वातील हत्यारे चंद्रपूर-भंडाऱ्याकडील वाड्यांतून परवान्यांवर तशीच नांदत राहिली. आता मूळ परवानाधारकांच्या निधनाने, आणि २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस तीनऐवजी दोनच शस्त्रे बाळगण्याची मर्यादा घातल्याने, ती एकामागून एक नागपूरच्या दुकानात येत राहणार हे उघड आहे. म्हणून केवळ या एका नगापुरते उत्तर न देता, मोठ्या बोअरच्या जुन्या बोल्ट रायफलीची पारख कशी करावी हे एकदाच लिहून ठेवतो.

किमतीचा प्रश्न सर्वांत शेवटी यावा. त्याआधी, ही वस्तू स्वतःस जी म्हणवते तीच आहे काय, याची शहानिशा झाली पाहिजे. अशा रायफलीच्या अंगावर अनेकांच्या हातच्या खुणा असतात: कारखानदाराची, चाचणी करणाऱ्या प्रूफ हाउसची, विक्रेत्याची, सरकारी दप्तराची, आणि वर्षानुवर्षे ती खांद्याला लावणाऱ्या धन्याची. नळीवर कोरलेले नाव हे यांपैकी एकाचे विधान होय. ते कोणत्याही कुशल कोरक्यास चार तासांत कोरता येते. परंतु ज्यांचे हितसंबंध परस्परांहून भिन्न होते अशा चार जणांच्या खुणा जेव्हा एकच हकीकत सांगतात, तेव्हा ती हकीकत खरी मानण्यास आधार मिळतो. एका खुणेवर विसंबून निवाडा करू नये. प्रत्येक खुणेची दुसरीशी रुजुवात घालावी. मला सांगावयाचे आहे ते मुख्यतः एवढेच. पुढचा सारा विस्तार त्याचाच आहे.

बोल्ट उघडून मॅगझिन आणि नळीचा कोठा रिकामा असल्याची खात्री स्वतःच्या बोटाने केल्यावाचून कोणत्याही रायफलीविषयी संभाषणच सुरू करू नये, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. त्यानंतर परवान्यावरील क्रमांक आणि हत्यारावरील क्रमांक ताडून पाहा. जुन्या परवान्यांवर कारकुनांनी बोअर आणि बनावट ऐकीव माहितीवर लिहिलेली आढळते. कारखानदाराच्या नावाच्या रकान्यात कलकत्त्याच्या रॉडा किंवा मँटन या विक्रेत्यांची नावे सर्रास दिसतात. अशी लेखनाची चूक अर्ज करून दुरुस्त होते. पण जेथे क्रमांक घासलेला किंवा नव्याने ठोकलेला दिसेल, तेथे पारखीचा विषय तत्काळ संपवून पोलिसांना कळवावे. कारण ओळखखूण नसलेले अग्निशस्त्र बाळगणे आणि विकणे या दोहोंस १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने मनाई केली आहे.

आता रिग्बीविषयी. १७७५ साली डब्लिनमध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे लंडनला स्थिरावलेल्या या पेढीने जर्मनीतील ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्याशी संधान बांधले, आणि लांब काडतुसांसाठी त्या कारखान्याने आपल्या ९८ नमुन्याच्या यंत्रणेची जी अधिक लांब, 'मॅग्नम' आवृत्ती सिद्ध केली, तिच्या आधारावर १९११ साली .४१६ चे काडतूस बाजारात आले. हॉलंड अँड हॉलंडचे .३७५ मॅग्नम १९१२ चे. जेफ्रीचे .४०४ आणि वेस्टली रिचर्ड्सचे .४२५ हीही त्याच पिढीतली. या इतिहासाचा दुकानदारास उपयोग असा की प्रत्येक काडतुसाची लांबी-रुंदी त्याच्या यंत्रणेस बांधून टाकते. भरलेले .४१६ काडतूस सुमारे ३.७५ इंच लांब असते. साध्या ९८ माउझरची मॅगझिन पेटी आतून सुमारे ३.३ इंचांची. तेव्हा स्टीलची मोजपट्टी पेटीत घाल. पेटी आखूड भरली तर नळीवरचे नाव कितीही सुबक असो, ती रिग्बीची मॅग्नम माउझर नव्हे.

याच संदर्भात एक धोक्याची गोष्ट. साध्या लांबीच्या यंत्रणेत लांब काडतूस बसवण्याच्या हव्यासाने काही कारागीर काडतूस वर सरकवणारा उतार पुढून घासून काढतात, आणि त्यात बोल्टच्या खालच्या खुंटीला ज्या पोलादाचा टेकू मिळावयाचा तेच पोलाद पातळ होते. बोल्ट काढून, आत विजेरी धरून ती जागा अवश्य पाहा. तेथे घासलेल्या, ताज्या चकाकीच्या रेषा दिसल्या तर ती रायफल विकाऊ माल नसून एक जोखीम आहे, असे समजून दूर ठेव.

एकदा 'लंडनची माउझर' म्हणून माझ्याकडे आलेली एक रायफल अजून डोळ्यांसमोर आहे. अक्रोडाचा दस्ता देखणा, नळीवर प्रतिष्ठित नाव, मागच्या दर्शकाखाली नितळ, सपाट पोलाद. परंतु बोल्टची मूठ मागे मुडपलेली होती, आणि बोल्ट उघडताना कमान चढण्याऐवजी तो पुढे लोटताना चढत होती. अस्सल ९८ माउझर उघडताना कमान चढवते. बंद करताना चढवणारी आणि वाकड्या मुठीची यंत्रणा म्हणजे पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारसाठी अमेरिकेतील विंचेस्टर, रेमिंग्टन आणि एडिस्टोन या कारखान्यांत तयार झालेली पी-१४ एनफील्ड. तिच्या मागच्या पुलावर दर्शकाचे रक्षण करणारे दोन उंच कान असतात. ते घासून काढले की वर सपाटी उरते. तिरप्या उजेडात भिंग धरले तेव्हा त्या सपाटीच्या कडांवर कानसेची तिरकी ओढ स्पष्ट दिसली, आणि पुढच्या कड्यावर एडिस्टोनच्या खुणेचा पुसट ठसा पॉलिशखालून डोकावत होता. ती रायफल निकामी नव्हती. पी-१४ ही अत्यंत मजबूत यंत्रणा असून तिच्यापासून मोठ्या बोअरच्या उत्तम रायफली प्रामाणिकपणे घडवल्या गेल्या आहेत. खोटे होते ते तिच्यावरचे नाव. आणि किंमत नावाची मागितली जात होती, पोलादाची नव्हे.

प्रूफ हाउसच्या शिक्क्यांकडे मी विशेष आदराने पाहतो, कारण लंडन काय किंवा बर्मिंगहॅम काय, त्या संस्थेस गिऱ्हाइकाची स्तुती करण्याचे कारण नव्हते. जुन्या ब्रिटिश मोठ्या रायफलीवर चाचणीच्या शिक्क्याजवळ कॉर्डाइट दारूचे आणि गोळीचे कमाल वजन ग्रेनमध्ये लिहिलेले असते; .४१६ रिग्बीसाठी ७१ ग्रेन कॉर्डाइट आणि ४१० ग्रेनची गोळी. १९५४ च्या नियमांनंतर त्याऐवजी दर चौरस इंचास टनांत दाब लिहू लागले. म्हणून १९२० च्या दशकातील म्हणवणाऱ्या रायफलीच्या नळीवर टनांचा आकडा दिसला, तर ती नळी नंतर बदललेली आहे किंवा तिची फेरचाचणी झाली आहे, असा निष्कर्ष निघतो. जर्मन शिक्क्यांत मुकुट जुना आणि गरुड १९४० च्या सुमाराचा, हेही ध्यानी ठेव. नळीवर लिहिलेल्या बोअरचीही खातरजमा कर: मऊ शिशाची गोळी तेल लावून नळीतून हळूच ठोकत बाहेर काढावी आणि मायक्रोमीटरने मोजावी; .४१६ ची नळी .४१६ इंचच दाखवील, आणि .४०४ ची, नाव काहीही असले तरी, .४२३ दाखवील.

रिग्बी, हॉलंड आणि वेस्टली रिचर्ड्स या पेढ्यांच्या जुन्या विक्रीवह्या उपलब्ध असून, क्रमांक कळवल्यास त्यांतील नोंदीचा उतारा मिळतो. कोणत्या साली, कोणत्या बोअरची, कोणास विकली, हे त्यात असते. या कामी लागणारे शुल्क आणि काही आठवड्यांची प्रतीक्षा यांचा कंटाळा करू नये. विक्रेत्याच्या तोंडची 'महाराजांची रायफल' ही कथा त्या एका ओळीने सिद्ध होते किंवा निकालात निघते. जिम कॉर्बेट यांची .२७५ रिग्बी मोठ्या बोअरची नाही, तरी तिचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी ती त्यांना भेट दिली, तसा मजकूर दस्त्यावरच्या चांदीच्या पट्टीवर आहे, आणि पुढे ती खुद्द रिग्बी कंपनीने परत मिळवली. तिचे मोल कथेमुळे आहे हे खरे. पण ती कथा पट्टी, क्रमांक आणि लेखी पुरावा यांच्या त्रिवार दुजोऱ्यावर उभी आहे. दुजोरा नसलेल्या कथेस किमतीत एक पैही मोजू नये. मात्र ती ऐकून घ्यावी, कारण कधीकधी पुराव्याचा मार्ग तिच्यातूनच सापडतो.

अस्सलपणा ठरल्यावर अवस्था. जुन्या काडतुसांच्या टोप्यांतील क्षार आणि आपला पावसाळा यांनी कित्येक नळ्या आतून खाल्ल्या आहेत. मळसूत्री खाचांत खड्डे आहेत काय, आणि कोठ्यापुढचा भाग झिजला आहे काय, ते पाहा. मोठ्या बोअरचा धक्का सर्वप्रथम लाकूड सोसते, म्हणून दस्त्याच्या मनगटाशी आणि यंत्रणेच्या शेपटामागे केसासारखी बारीक चीर शोध. दस्ता कापून मागे रबर जोडले असेल तर चापापासूनची लांबी मोजल्यावर ते उघड होते. दुर्बिणीसाठी पाडलेली भोके किंमत उतरवतात. सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे नवी झळाळी: जुना निळसर-काळा रंग गंज चढवून, घासून, पुनःपुन्हा तेच करून आणलेला असे, आणि त्याची मंद छटा आजच्या उकळत्या क्षारांतून काढलेल्या चकाकीहून सहज वेगळी ओळखता येते. झिजलेली अक्षरे, गोलावलेल्या कडा, बसलेले स्क्रू आणि वर नवा रंग, हे सारे एकत्र दिसले तर कोणीतरी तिला पॉलिशच्या चाकावर धरले आहे असे समज. वारशातल्या पितळी देवाला निकेलचा मुलामा देणाऱ्याने जे साधले, तेच यानेही साधले आहे. मूळ रंग अर्धा उडालेली रायफल नव्या रंगाच्या रायफलीहून मोलाची, हे गिऱ्हाइकास पटवणे कठीण जाते; तरी सांगितलेच पाहिजे.

शेवटी किंमत. लंडन-अमेरिकेच्या लिलावांतील आकडे वाचून येथील किंमत लावणे हा शुद्ध अविचार होय. येथे खरेदीदार परवानाधारकच असावा लागतो, काडतुसे मिळण्याची भ्रांत असते, शिकारीस वाव नाही. आणि शंभर वर्षांहून जुन्या, ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तू परदेशी पाठवण्यास १९७२ च्या पुरावशेष कायद्याने प्रतिबंध असल्यामुळे विलायतेतील गिऱ्हाइकाची आशा धरता येत नाही. येथील मोल संग्राहकाची जिज्ञासा, यंत्रणेची दुर्मिळता आणि हत्याराची अवस्था या तीन गोष्टींनी ठरते.

आता जे सांगतो ते पारखीहून महत्त्वाचे. ही विद्या दुधारी आहे. खोटा माल ओळखून तू फसणार नाहीस हे उत्तमच. परंतु उद्या तुझ्या मेजावर खरी रिग्बी येईल आणि विकणाऱ्या बाईंना ती 'यजमानांची जुनी बंदूक' यापलीकडे काही वाटत नसेल, तेव्हा गप्प राहून स्वस्तात घेण्याचा मोह हीच विद्या तुला घालील. बनावट नाव कोरणारा आणि अस्सल नाव दडवणारा, हे दोघे एकाच अपराधाचे भागीदार आहेत. म्हणून वर लिहिलेल्या प्रत्येक बाबीचा एक तपशीलवार कागद कर: क्रमांक, शिक्के, मापे, दोष, गुण, विक्रीवहीचा उतारा आला असल्यास तो, आणि त्यावरून तुझ्या मते येणारी किंमत. त्याच्या दोन प्रती काढ. एक आपल्या दप्तरी ठेव, दुसरी सही-शिक्क्यासह त्या बाईंच्या हाती दे, आणि ती घेऊन त्यांना हव्या त्या दुकानी चौकशी करण्याची मोकळीक दे. त्यानंतरही त्या तुझ्याकडे आल्या तर व्यवहार कर. न आल्या तरी या पेशात तुझे नाव झाले, असे मी मानीन.

कळावे. वहिनींस नमस्कार सांग.

तुझा,
भाऊकाका