आजचं चिंतन: युक्त म्हणजे बेताचं
(श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक १६-१७)

मित्रांनो, सहावा अध्याय ध्यानाचा. पण स्थिर ज्योतीसारख्या मनाची उपमा येते १९ व्या श्लोकात. त्याआधी भगवंत जेवणाबद्दल आणि झोपेबद्दल बोलतात! अति खाणाऱ्याला योग साधत नाही, अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. झोपेचंही तसंच. १७ व्या श्लोकात ‘युक्त’ हा शब्द तीनदा येतो: आहार-विहाराला, कामाला, झोपण्या-जागण्याला. युक्त म्हणजे बेताचं.

आमच्या घरी दोन पिढ्यांचा मधुमेह आहे. तो सुरुवातीला दुखत-खुपत नाही, म्हणून मी हा श्लोक रोज वाचते. रात्री दोनपर्यंत मोबाइल आणि एकादशीला निर्जळी उपवास, याला ‘युक्त’ कसं म्हणायचं? उपवासाला साबुदाणा-बटाटा भरपूर खाल्ला, तरी पोटात जातो तो स्टार्चच.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास भरभर चालणं. चालताना नामस्मरणही होतं. घरात मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारून साखर तपासून घ्या.

आजचा संकल्प: रात्री अकराला फोन दुसऱ्या खोलीत. सकाळचा जप ताज्या मनाने करू.

राम कृष्ण हरी! 🙏